साचा आधी तपासावा : रस्ट शिकण्याच्या बाजूने

प्रचंड माहितीवर वेगाने प्रक्रिया करण्यासाठी ‘रस्ट’सारखी सिस्टिम्स प्रोग्रामिंग भाषा, म्हणजे यंत्राची स्मृती थेट प्रोग्रामरच्या ताब्यात देणारी भाषा, शिकण्याचे विद्यार्थ्यांना कारण नाही, असे मानणारा एक पक्ष आहे. पायथन पुरेशी आहे, यंत्राच्या जवळ जायचे तर सी आणि सी प्लस प्लस आहेतच, आणि रस्ट फार अवघड आहे, हे त्याचे तीन आक्षेप. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून ज्या बेळगावात आहे, तेथे कॅम्पापासून उद्यमबागेपर्यंत राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे आक्षेप तपासूनच घेतले पाहिजेत.

पहिल्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. काही हजार ओळींच्या तक्त्यासाठी पायथन उत्तमच आहे. परंतु मोठ्या आकडेमोडीत तिचा जो वेग दिसतो, तो बहुतांशी सीसारख्या भाषांत लिहिलेल्या नमपायसारख्या ग्रंथालयांचा, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संग्रहांचा, असतो. प्रचलित पायथनच्या यादीत एक साधा पूर्णांक, त्याच्याकडे नेणाऱ्या पत्त्यासह, सुमारे ३६ बाइट व्यापतो आणि रस्टमध्ये तोच ८ बाइटांत मावतो. म्हणजे १ कोटी आकड्यांसाठी ३६ कोटी बाइटांऐवजी ८ कोटी बाइट पुरतात. यंत्रे वाढवून ही तूट भरून काढावी, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे भाडे दरमहा मोजावे लागते, शिवाय यंत्रायंत्रांतून माहिती पाठवण्यात जाणारा वेळ निराळाच. २०२० मध्ये सुरू झालेले ‘पोलार्स’ हे तक्ते हाताळणारे ग्रंथालय रस्टमध्ये लिहिलेले असून पायथनमधूनही वापरता येते. त्यामुळे दोन भाषांत वैर मुळीच नाही, प्रश्न एवढाच की विद्यार्थ्याने अशी साधने केवळ वापरावीत की घडवावीतही.

दुसरा आक्षेप सीच्या सामर्थ्याकडे पाहतो आणि तिच्या जोखमीकडे डोळेझाक करतो. १९७२ च्या सुमारास घडलेल्या या भाषेत स्मृती मागणे व परत करणे प्रोग्रामरच्या सावधपणावर सोपवलेले आहे. आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृती हाताळण्यातील चुकांतून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. १५ मे २०१५ रोजी पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्टमध्ये प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो, मालकाची व्याप्ती संपताच स्मृती मोकळी होते, आणि ते मूल्य एका वेळी अनेकांना वाचायला किंवा एकालाच बदलायला उसने देता येते. प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर काम वाटले असता दोन गाभ्यांनी एकाच आकड्यावर एकदम लिहिल्याने बेरीज कधी बरोबर, कधी चूक येते. ‘अनसेफ’ असे उघड चिन्ह लावलेला भाग वगळता असा प्रोग्राम रस्टचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, तयारच होऊ देत नाही.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत मिळते. साच्यातील दोष धातू ओतण्यापूर्वी सापडला तर वाळू पुन्हा भरावी लागते. तोच मशिनिंगच्या वेळी सापडला तर धातू, इंधन आणि मजुरी तिन्ही वाया जातात. कंपायलरने पुन्हापुन्हा अडवणे ही साच्याचीच तपासणी असून, रस्टचा अवघडपणा म्हणजे पुढे रात्रीबेरात्री शोधाव्या लागणाऱ्या चुकांचा आधीच चुकवलेला हिशेब आहे. यूपीआयवर ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला १००० कोटींहून अधिक व्यवहार होत आहेत. इतक्या नोंदींच्या जगात क्वचितच घडणारी चूकही रोज घडते.

म्हणून पायथन आधी शिकावी आणि तिच्यावर हात बसल्यावर रस्टकडे वळावे, हाच योग्य क्रम होय. सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ यंत्रांचे ताफे नसतात, एखादा साधा संगणक असतो. परंतु त्यातही चार-आठ गाभे असतात आणि त्यांतील बहुतेक रिकामे बसलेले असतात. त्यांना निर्धास्तपणे कामाला लावणारी विद्या पैशाने घ्यावी लागत नाही, तिला चिकाटी पुरते. आणि ओतकामाच्या या गावाला चिकाटी परकी नाही.