एका मापाने सगळे गुलाब छाटू नका

पाऊस सरला, दिवाळी आली, की गुलाबाच्या छाटणीचे दिवस. या दिवसांत मला हमखास विचारतात, "किती कापू?" मी उलट विचारतो, "जात कोणती?"

'पीस' घ्या. फ्रान्समधील मेयाँ घराण्याची ही पिवळी, गुलाबी कडांची जात. महायुद्ध संपत आले असता, १९४५ साली, तिचे हे नाव ठेवले. नाव शांतीचे, पण खोल छाटली की रुसते! निरोगी फांद्यांचा वरचा तिसरा हिस्सा काढला, की पुरे. 'क्वीन एलिझाबेथ' ही १९५४ सालची अमेरिकन, माणसाच्या उंचीची. तिला मागल्या रांगेत जागा द्यावी. बुटकी करण्याचा हट्ट धराल, तर फुले घटतील. 'क्रिमसन ग्लोरी' १९३५ सालची जर्मन. गर्द लाल, सुवासिक, पण मान झुकवणारी नि आडवी पसरणारी. एरवी काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्यावर घ्यायचा. हिचा मात्र आत पाहणाऱ्या डोळ्यावर घ्यावा.

एक नियम सर्वांना सारखा. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट खुंटाची असते. तिचा जोम पाहून लोक हरखतात आणि पैसे मोजून आणलेला गुलाब हळूहळू उपाशी मरतो. माती उकरून ती बुडापासून उपटावी. वरवर कापली, तर पुन्हा फुटते.

हिरवी फांदी कापताना हात थबकतो, हे खरे. पण जातीचा स्वभाव ओळखून कापा. सुमारे दीड महिन्यात झाड फुलांनी उत्तर देईल.