सोपवलेल्या अधिकाराची हद्द

एखाद्या गल्लीच्या तोंडाशी वीस मीटरचा ‘नो पार्किंग’ पट्टा आखणे, रुग्णालयाच्या दाराशी रुग्णवाहिकेपुरती जागा राखून ठेवणे, सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये रस्त्याची बाजू बदलणे किंवा शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरती एखाद्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालणे, असे निर्णय निर्वाचित सभागृहाने घ्यावेत की ते आपल्या अधिकाऱ्यांवर सोपवावेत, हा नगर प्रशासनातील जुना प्रश्न आहे. सोपवण्याच्या बाजूचे युक्तिवाद परिचित आहेत. सभागृह महिन्यातून एकदा बसते, विषय समितीमार्गे येतो, तहकूब होतो, पुन्हा येतो आणि तोवर अपघाताची जागा तशीच राहते. शिवाय वळणावर उभ्या केलेल्या वाहनामुळे चालकाला समोरचे किती दिसेनासे होते, ही बाब मतदानाने ठरवण्यासारखी नसते. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाची मांडणी दुसऱ्या टोकापासून करावी लागते, कारण इथे सोपवण्याजोगा अधिकार सभागृहाच्या हाती फारसा नाहीच. कायद्याने तो राज्य शासनाला आणि राज्य शासनाने पोलिसांना आधीच देऊन टाकला आहे, आणि तो देताना त्याची हद्द पुरेशी स्पष्ट झालेली नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तीन कलमांवर ही सारी व्यवस्था उभी आहे. कलम ११५ वाहनांच्या वापरावर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार देते, कलम ११६ वाहतूक चिन्हे उभारण्याचा आणि कलम ११७ वाहने कोठे व किती वेळ उभी करता येतील त्या जागा ठरवण्याचा. तिन्ही ठिकाणी हा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याला आहे, आणि मोठ्या शहरांत असा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा. पुण्यातील वाहतूक आदेश वाचणाऱ्यांना गृह विभागाच्या सप्टेंबर १९९६ मधील अधिसूचनेचा त्यांत नेहमी येणारा हवाला ठाऊक असेल. सोपवण्याची साखळी ती हीच. याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ पोलीस आयुक्तांना रस्त्यांवरील वाहतुकीच्या नियमनासाठी नियम करण्याची मुभा देते. महापालिका अधिनियम, १९४९ मध्ये कलम २०८ आहे खरे, आणि त्यानुसार महापालिकेच्या ताब्यातील रस्त्यावर वाहनांना मनाई करण्यासाठी आयुक्तांना महापालिकेची, म्हणजे सर्वसाधारण सभेची, मंजुरी घ्यावी लागते. पण रोजच्या व्यवहारात वाहतूक शाखेच्या आदेशांपुढे हे कलम मागेच पडते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत रस्ते व पूल आहेत, वाहनतळ आणि बसथांबे आहेत, वाहतुकीचे नियमन मात्र नाही. परिणामी रस्ता महापालिका बांधते, पट्टे तीच रंगवते, फलकही बहुधा तीच उभारते आणि आदेशावर स्वाक्षरी पोलीस उपायुक्तांची असते.

ही विभागणी चुकीचीच आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण ज्याला अंमलबजावणी करायची त्याच्या हाती आदेश असणे व्यवहाराला धरून आहे. तथापि कलम ११७ मधील एका तरतुदीकडे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. वाहने उभी करण्याच्या जागा संबंधित स्थानिक प्राधिकरणाशी सल्लामसलत करून ठरवाव्यात, असे ते कलम सांगते. परंतु महापालिकेच्या वतीने हा सल्ला कोणी द्यायचा, याविषयी ते मौन पाळते. १९४९ चा अधिनियम महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त यांना स्वतंत्र प्राधिकारी मानतो. त्यामुळे एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने वाहतूक शाखेच्या पत्रावर दिलेला ‘हरकत नाही’ हा अभिप्राय महापालिकेचा सल्ला ठरतो काय, आणि ठरत असेल तर तो कोणत्या ठरावाच्या बळावर, हा प्रश्न उरतो. सभागृहाला कायद्यात कोणतीही दुरुस्ती न मागता आज जे सोपवता येईल ते नेमके इथे आहे: किरकोळ बदलांपुरता सल्ला देण्याचा अधिकार विशिष्ट दर्जाच्या अभियंत्याला लेखी द्यावा आणि त्यापलीकडच्या बदलांचा सल्ला सभागृहाने किंवा प्रभाग समितीने स्वतःकडे ठेवावा.

मग किरकोळ कशाला म्हणायचे, याची कसोटी लागते. या बाबतीत कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचा ‘म्युनिसिपल ॲक्ट, २००१’ अभ्यासण्यासारखा आहे. २००७ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीनुसार तेथील नगर परिषदेला नियम करण्याचा, म्हणजे विधायी स्वरूपाचा, अधिकार अधिकाऱ्याकडे सोपवता येतो. मात्र परिषदेच्या मते तो किरकोळ स्वरूपाचा असला पाहिजे, आणि तसा तो आहे की नाही हे ठरवताना त्याच्या वापराचा परिणाम किती लोकांवर, किती मोठ्या भूभागावर आणि किती काळ होईल, हे पाहणे परिषदेवर बंधनकारक आहे. रस्ता तात्पुरता बंद करण्याचा अधिकार हे अशा किरकोळ अधिकाराचे उदाहरण म्हणून कायद्यानेच दिले आहे. याखेरीज अधिकार सोपवण्याबाबतचे धोरण प्रत्येक नगर परिषदेने लेखी स्वीकारले पाहिजे, असेही तो कायदा सांगतो. या तरतुदींचे मोल असे की अधिकाऱ्याकडे काय जाते आणि परिषदेकडे काय राहते, हे एखाद्या प्रकरणाचा वाद पेटण्यापूर्वीच ठरलेले असते.

लोकसंख्या, क्षेत्र आणि काळ ही तीन मापे आपल्याकडच्या रस्त्यांवर लावून पाहिली तर ती उपयोगी पडतात, पण पुरत नाहीत. बाजारपेठेतील घाऊक दुकानांच्या रांगेसमोरची माल उतरवण्याची तीस मीटर जागा काढून तेथे दुचाकींचे पार्किंग दिले, तर क्षेत्र लहान आणि बाधित दुकाने मोजकी असतात. तरी टेम्पो पुढच्या चौकात उभे राहू लागतात, हमालांची पायपीट वाढते, हातगाड्या मुख्य रस्त्यावर येतात आणि पाहता पाहता तो बदल अख्ख्या पेठेचा होतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एकेरी वाहतूक जाहीर करणे हेही कागदावर एका रस्त्यापुरते असते, परंतु उलट दिशेची सारी वाहने शेजारच्या रस्त्यावर जातात आणि बसमार्ग असेल तर परतीचा थांबा प्रवाशांपासून दूर सरकतो. म्हणून चौथे माप जोडणे आवश्यक वाटते, ते म्हणजे भार कोणाकडे सरकतो. ज्या बदलाचा भार त्याच रस्त्यावरच्या वाहनधारकांवर राहतो तो किरकोळ मानता येईल, आणि जो शेजारच्या रस्त्यावर, पादचाऱ्यांवर किंवा रस्त्यावर पोट असलेल्यांवर जातो तो, फलक एकच लागत असला तरी, किरकोळ मानू नये. २०१९ च्या जुलैमध्ये मुंबई महापालिका प्रशासनाने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरातील बेकायदा पार्किंगवर दुचाकीलाही पाच हजार रुपयांपासून पुढे दंड लावायला सुरुवात केली, तेव्हा झालेली ओरड पाहता दंडाची आणि शुल्काची पातळी ही धोरणाचीच बाब असल्याचे स्पष्ट दिसते.

याच्या उलट टोकालाही एक गोंधळ आहे. चौकाच्या तोंडाशी, पदपथावर किंवा पादचाऱ्यांच्या ओलांडणी पट्ट्यावर वाहन उभे करण्यास केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी मुळातच मनाई केली आहे. तेथे पिवळा पट्टा ओढणे हा नवा नियम नसून असलेल्या नियमाची खूण आहे. तिच्यासाठी आदेशाची वाट पाहत बसणारे आणि अशा कामाचे प्रस्ताव समितीपुढे नेणारे अभियंते स्वतःचाही वेळ घालवतात आणि समितीचाही. सोपवण्याचा विचार करण्यापूर्वी ही कामे प्रस्तावांच्या ढिगातून वेगळी काढली, तर ढीग बराच खाली येईल.

काळाच्या मापाबाबत आपला कायदा दिसतो त्यापेक्षा काटेकोर आहे. कलम ११५ खालील निर्बंध राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. तो एक महिन्याहून अधिक काळ अमलात राहणार नसेल तरच ही अट सुटते आणि परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरते. गणेशोत्सवातील विसर्जन मार्ग, पालखीचा मुक्काम, जलवाहिनीसाठी खोदाई अशा प्रसंगांसाठी ही सवलत अत्यंत योग्य आहे. अडचण येते ती ‘प्रायोगिक तत्त्वावर’ आणि ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे दोन शब्दप्रयोग एकाच आदेशात शेजारी बसतात तेव्हा. प्रयोगाला मुदत असते, निरीक्षण असते आणि शेवटी निष्कर्ष असतो. पुढील आदेश कधी होणार हे मात्र कोणालाच माहीत नसते. इंग्लंडमध्ये १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याखाली प्रायोगिक आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, त्याच्या पहिल्या सहा महिन्यांत हरकती घेता येतात आणि त्या विचारात घेतल्याशिवाय तो कायम करता येत नाही. नागरिकाला बदलाचा अनुभव घेऊन मग हरकत घेता येते, हा त्यातला शहाणपणा आहे, कारण नकाशावरचा बदल पाहून आपल्या दारात काय होईल हे फार थोड्यांना उमगते. आपल्याकडेही काही आदेशांत ठरावीक दिवसांत सूचना मागवल्या जातात. त्या सूचनांचे पुढे काय झाले, हे अंतिम आदेशात एका परिच्छेदात लिहिले गेले तरी मोठी प्रगती होईल.

प्रसिद्धीचा प्रश्न औपचारिक वाटतो, पण न्यायालयांनी तो तसा मानलेला नाही. ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या १९५१ च्या प्रकरणात जयपूर संस्थानाचा अफूविषयक कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता, एवढ्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने त्याखालची शिक्षा रद्द केली. लोकांना कळण्याची वाजवी सोय न करता त्यांना कायद्याने बांधता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये नियमाची पूर्वप्रसिद्धी, राजपत्र आणि संबंधित जागी प्रत लावणे किंवा दवंडी पिटणे किंवा स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देणे असे मार्ग सांगितले आहेत. दवंडी आता कोणी पिटत नाही, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वाहनाचे ई-चलन घरबसल्या मोबाइलवर येते त्या काळात आदेशाची प्रत मात्र शोधूनही सापडत नाही, हा विरोधाभास दोन्ही यंत्रणांनी मनावर घेण्यासारखा आहे. त्याच कलम ३३ खाली अहमदाबादमध्ये केलेल्या, रस्त्यावरील सभांना परवानगी देण्याविषयीच्या एका नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘हिंमतलाल शहा’ प्रकरणात अवैध ठरवले, ते अधिकाऱ्याला कोणत्याही मार्गदर्शक निकषांविना मोकळीक दिली गेल्यामुळे. सभास्वातंत्र्य आणि पार्किंग यांत अर्थातच तुलना नाही; तरी निकष न देता दिलेला स्वेच्छाधिकार न्यायालयापुढे कसा उघडा पडतो, याचा तो धडा आहे.

अधिकार सोपवल्याने नगरसेवकांचे महत्त्व कमी होते, ही भीती सभागृहात नेहमी व्यक्त होते. प्रत्यक्षात आज दुकानासमोरचा फलक दोन खांब पुढे सरकवण्यासाठी जो दूरध्वनी होतो, त्याची नोंद कोठेच नसते आणि त्याचे उत्तरदायित्वही कोणाकडे नसते. निकष लेखी असतील तर तीच मागणी अर्ज म्हणून येते, आणि मान्य झाली तरी फेटाळली गेली तरी तिचे कारण कागदावर राहते. सभागृहाने वर्षातून एकदा निकषांवर चर्चा करावी, तिमाही अहवाल पाहावा आणि एखादा आदेश आपल्याकडे मागवून घेण्याचा हक्क प्रभाग समितीला द्यावा. या तीन गोष्टींतून मिळणारे नियंत्रण प्रत्येक फलकावर हात वर करण्यापेक्षा अधिक खरे असते. मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांत प्रशासक होते आणि सभागृहाचे अधिकार तेच वापरत होते. म्हणजे सोपवणारा आणि ज्याच्याकडे सोपवायचे तो एकच होता. त्या काळात दिलेले अभिप्राय आणि मंजुऱ्या यांचा आढावा निर्वाचित सभागृहांनी घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

ठरावाचा मसुदा करताना एक बाब हमखास सुटते. निर्बंध घालण्याचा अधिकार कोणाला, हे लिहिले जाते. तो उठवण्याचा अधिकार कोणाला, हे लिहिले जात नाही. आदेश काढण्याच्या अधिकारात तो मागे घेण्याचा अधिकार येतोच, हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे तत्त्व असले तरी कोणावर तसे कर्तव्य टाकल्याशिवाय फलक खाली उतरत नाही. बंद पडलेल्या शाळेसमोरची अवजड वाहनांची बंदी आणि मेट्रोचे काम संपल्यावरही उरलेली एकेरी वाहतूक ही त्याचीच फळे. तेव्हा नवे आदेश काढण्याचा अधिकार ज्या अभियंत्याच्या अभिप्रायावर चालणार आहे, त्याने आधी वाहतूक शाखेबरोबर आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील प्रत्येक फलकामागचा आदेश शोधावा, त्याचा क्रमांक, दिनांक आणि मुदत नोंदवहीत चढवावी, ती नोंदवही नकाशासह नागरिकांना खुली करावी, आणि ज्या फलकाचा आदेश सापडणार नाही तो, दुसऱ्या कोणत्याही नियमाने तेथे मनाई होत नसेल तर, काढून टाकण्याचा प्रस्ताव सर्वांत आधी पाठवावा.