एका जोडाचा ट्रांझिस्टर

आपल्या घरातली मुले-मुली आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागली की यूजेटी, म्हणजेच युनिजंक्शन ट्रांझिस्टर, हा शब्द कानावर येतो. आकृती वहीत उतरते, व्याख्या पाठ होते. पण तोंडी परीक्षेत ‘हा करतो काय?’ असे विचारले की गाडी अडते. म्हणून आज त्याची ओळख.

नेहमीच्या ट्रांझिस्टरमध्ये दोन जोड असतात, यात एकच. एन प्रकारच्या सिलिकॉनची पट्टी, तिच्या दोन टोकांना बेस एक व बेस दोन, आणि मध्ये, बेस दोनच्या थोडा जवळ, पी प्रकारचा एमिटर.

सार्वजनिक मुतारीतली आपोआप सुटणारी टाकी आठवा. बारीक धारेने ती भरते, ठराविक पातळी आली की सगळे पाणी एकदम सुटते व टाकी पुन्हा भरू लागते. इथे टाकीच्या जागी कंडेन्सर आणि बारीक धारेच्या जागी रेझिस्टर. पातळी येईपर्यंत यूजेटी बंद. ती येताच एमिटर व बेस एक यांच्यातला रोध झपकन घटतो, कंडेन्सर रिकामा होतो आणि विजेचा एक ठोका मिळतो.

२एन२६४६ या प्रसिद्ध यूजेटीत ही पातळी पुरवठ्याच्या ०.५६ ते ०.७५ पट, अधिक सुमारे अर्धा-पाऊण व्होल्ट असते. १०० किलोओहम रेझिस्टर व १० मायक्रोफॅरड कंडेन्सर लावला, तर साधारण दर सेकंदाला एक ठोका पडतो.

हा ठोका एससीआरला चालू करतो. दिव्याचा उजेड, मोटारीचा वेग, टायमर यांत यूजेटी म्हणूनच वापरला गेला. नव्या यंत्रांत आयसी व मायक्रोकंट्रोलर आले; जुन्या बोर्डांत मात्र तो भेटतो.

तो तपासायला साधा मीटर पुरतो. सुटा यूजेटी घ्या. दोन बेसमध्ये मीटर कसाही लावला तरी सारखाच रोध दिसावा. २एन२६४६ मध्ये ४.७ ते ९.१ किलोओहम. एमिटरपासून प्रत्येक बेसकडे डायोडसारखे, एकाच दिशेने वहन व्हावे. तसे नसेल तर भाग खराब. एवढे कळले तर एका भागासाठी अख्खा बोर्ड फेकावा लागत नाही, आणि कारागिराच्या हाताला किंमत येते.

मात्र एससीआरचे सर्किट बहुधा थेट घरच्या विजेला जोडलेले असते. आधी प्लग काढा, कंडेन्सर रिकामा करा, मगच हात लावा.