रक्त ‘पातळ’ होते म्हणजे काय?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोठेही जा; वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात हल्ली एक बारीकशी गोळी हमखास सापडते. ‘रक्त पातळ व्हायची’ एवढीच तिची घरात ओळख. ही ओळख चुकीची आहे आणि तिच्यापायी नसते घोटाळे होतात.

दुधात पाणी घातले की दूध पातळ होते. विरजण कमी घातले तर दूध दाटच राहते, दही लागायला मात्र उशीर होतो. गोळीचे काम या दुसऱ्या जातीचे. ती घेणाऱ्याचे रक्त तुमच्या-आमच्याइतकेच दाट असते. ते गोठायला वेळ लावते, इतकेच.

रक्तवाहिनीला इजा झाली की बिंबिका नावाचे सूक्ष्म कण तेथे धावतात आणि एकमेकांना चिकटून बूच मारतात. मागोमाग रक्तातील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणून ते बूच पक्के करतात. बोट कापले असता हे वरदान. हृदयाच्या वा मेंदूच्या रक्तवाहिनीत घडले तर प्राणाशी गाठ.

आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव कोकणात. त्यांना फुरसे ठाऊक असेलच. हे हातभर जनावर चावले की हिरड्यांतून रक्त येते, जखम वाहत राहते. कारण त्याचे विष गोठण्याची सामग्री भलतीकडेच खर्चून टाकते. डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर प्रतिविष देतात. आणि गंमत पाहा, याच विषातील एक घटक बिंबिकांना एकमेकींना धरू देत नाही असे आढळले! त्याच्या घडणीवरून टिरोफिबान हे औषध बेतले गेले. 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयविकारात ते शिरेतून देतात.

ॲस्पिरिनही बिंबिकांनाच आवरते. वॉरफॅरिन आणि तिची बहीण असेनोकुमारॉल यांचा रोख यकृतावर. गोठण्याची काही प्रथिने तेथे ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात. ती मदत या गोळ्या तोडतात. (वॉरफॅरिन 1948 साली बाजारात आले ते उंदीर मारायला, माणसांना ते 1954 पासून मिळू लागले. घाबरू नका, फरक मात्रेचा!)

घोटाळा होतो तो येथे. हिरडीतून जरासे रक्त आले की ‘फारच पातळ झाले’ म्हणून घरचेच गोळी बंद करून टाकतात. हृदयात धातूची कृत्रिम झडप असलेल्या माणसाच्या हे जिवावर बेतते. झडपेवर गुठळी धरते आणि झडपच अडकते. रक्त आले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आयएनआर तपासावा. मात्रा तेच ठरवतील. दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारावे. गुडघेदुखीची गोळी केमिस्टकडून परस्पर आणू नये, तिने रक्तस्राव वाढतो. पालक, मेथी, अळू यांत ‘के’ भरपूर. ते वर्ज्य नाहीत, पण महिनाभर पालेभाजीचे नाव नाही आणि दिवाळीत अळूवड्यांचा सपाटा, असे नको. अलीकडच्या नव्या गोळ्यांना भाजीचा हिशेब लागत नाही. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

या साऱ्या गोळ्या नवी गुठळी होऊ देत नाहीत. झालेली विरघळवत नाहीत. ते काम स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज अशा सुयांचे. फायब्रिनचे तंतू कापणारे प्लास्मिन शरीरातच निद्रिस्त असते. त्याला या सुया जागे करतात. पण जागे झालेले प्लास्मिन उपयोगी गुठळीही सोडत नाही. म्हणून पक्षाघातात आधी मेंदूचा स्कॅन काढतात. आत रक्तस्राव असेल तर ही सुई देता येत नाही.

शिवाय वेळेची मर्यादा. हृदयाला साधारण 12 तास, त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत गुण फार. मेंदूला साडेचार तास. आणि आपल्याकडे छातीत कळ आली की आधी ओवा, मग सोडा, मग ‘सकाळी बघू’! रात्री हायवे मोकळा असतो तेव्हाच निघावे, 108 ला फोन करावा. तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून घ्यावी. झोपेतून उठल्यावर लक्षात आले, तर माणूस धडधाकट शेवटचा केव्हा दिसला ती वेळ लिहावी. रुग्णालयात पहिल्यांदा विचारतात ती हीच.