कोड घेताना त्याची अटही घ्या

इंटरनेटवरून कोड उतरवून आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. त्या फोल्डरमधली लायसन्सची फाईल आधी उघडून वाचा. ग्राहकाला काम सोपवल्यावर नव्हे, पहिली ओळ लिहिण्याआधी.

फुकट मिळालेला कोड बेवारस असतो आणि चार बदल केले की तो आपला होतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृती मानतो. कादंबरीचा अनुवाद केला म्हणून मूळ लेखकाचा हक्क जात नाही. तसंच व्हेरिएबलची नावं बदलली किंवा सी भाषेतला कोड ओळीनं ओळ पायथनमध्ये उतरवला, तरी मूळ लेखकाचा हक्क उरतो. तुम्हाला बदल करता येतात ते त्यानं लायसन्समधून परवानगी दिली म्हणून, आणि त्या परवानगीला अटी आहेत. लायसन्सच नसलेल्या कोडला हात लावू नका. तिथे परवानगीच दिलेली नाही.

एमआयटी आणि बीएसडी लायसन्सच्या अटी सोप्या आहेत. मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. तुमचा कोड बंद ठेवलात तरी चालतं. एवढी साधी अटही लोक पाळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. एखाद्यानं रात्री जागून लिहिलेल्या कामावरून त्याचं नाव पुसायचं कशासाठी?

जीपीएल या लायसन्सची अट मोठी आहे. त्या कोडवर बेतलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती दिलात, तर तो जीपीएलखालीच द्यावा लागतो आणि सोर्स कोडही उपलब्ध करावा लागतो. फक्त स्वतःच्या ऑफिसात वापरलात तर हे बंधन नाही. पैसे घेऊन विकायलाही मनाई नाही. मात्र एजीपीएल या त्याच्याच कडक प्रकारातला कोड बदलून सर्व्हरवर चालवलात, तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्यांनाही सोर्स द्यावा लागतो.

हे कागदावरचं बंधन आहे असं समजू नका. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी 54जी या राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स होतं, पण सोर्स दिलेला नव्हता. 2003 मध्ये लोकांनी ते उघडकीला आणलं आणि कंपनीला सोर्स खुला करावा लागला. त्याच कोडमधून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर ते चालतं. त्याच सुमारास लिंक्सिस सिस्को या कंपनीनं विकत घेतली होती. सोर्सबद्दलच्या तक्रारी मिटल्या नाहीत, तेव्हा 2008 मध्ये जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं सिस्कोवर दावा लावला. 2009 मध्ये तडजोड झाली आणि त्यात लिंक्सिससाठी लायसन्सवर देखरेख करणारा अधिकारी नेमण्याचं सिस्कोनं कबूल केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे टाळता आलं नाही, ते तीन माणसांच्या फर्मला कसं टाळता येईल?

जीपीएलचा तुकडा चुकून आला की आपला सगळा कोड जगजाहीर होतो, ही भीतीही खरी नाही. दुधात पडलेलं विरजण परत काढता येत नाही, कोडमधला तुकडा काढता येतो. तो काढून स्वतः लिहा, किंवा लेखकाला पत्र लिहून वेगळं लायसन्स मागा. पैसे घेऊन ते देणारे लेखकही आहेत. तोवर तो प्रोग्रॅम कुणाला देऊ नका, कारण देण्यामुळेच अटीचा भंग होतो. आधी देऊन झाला असेल, तर लपवू नका, वकिलाला विचारा.

आज रात्री चालू कामातल्या बाहेरून घेतलेल्या कोडची यादी करा. प्रत्येकापुढे तो कुठून घेतला आणि लायसन्स कोणतं, तेही कितव्या आवृत्तीचं, हे लिहा. ज्याच्यापुढची जागा रिकामी राहील, तो कोड ग्राहकाकडे जाऊ देऊ नका.