तळ्याचा दावा बीएच्या वर्गात

महाडचा सत्याग्रह मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले, मग मारहाण झाली आणि तळे 'शुद्ध' करण्याचा विधी. त्या तळ्यावर पुढे जवळजवळ दहा वर्षे दिवाणी दावा चालला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग 'कलाशाखेत कायदा' या विषयाला द्यायचे ठरवताना आमच्यासमोर हाच दावा होता.

वादी महाडमधले सवर्ण. तळे आमचे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरू नये ही अनादी काळापासूनची वहिवाट, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९२७ मध्ये, महाडची दुसरी परिषद तोंडावर आली असताना, त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे पाण्यावर जाण्याच्या तयारीने महाडला जमलेली. हुकूम मोडायचा की पाळायचा, यावर परिषदेत खल झाला आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून तो पाळायचे ठरले. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. पुढे दोन्ही खालच्या न्यायालयांत वादी हरले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले.

पण कशाच्या आधारावर? वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढ्यावर. ती अन्यायाची आहे का, याचा निर्णय देण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. समजा, वादींनी कुठून तरी जुने दप्तर पैदा केले असते आणि वहिवाट पुरातन ठरली असती, तर?

या 'तर'पाशी एक अख्खे सत्र घालवता येईल. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती हक्क कशी होते, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. तिचे जुनेपण कोणत्या कागदाने ठरवायचे, हा इतिहासाचा. आणि जिथे पाऊल टाकायचीच भीती, तिथे 'आजवर कुणी आले नाही' हा पुरावा धरायचा का, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाटांचा नावानिशी उल्लेख आहे. राज्यशास्त्राचा विद्यार्थी तो परीक्षेसाठी पाठ करतो. हा निकाल वाचलेल्याला तो पाठ करावा लागणार नाही.

आपल्याकडे कायदा आणि कलाशाखा यांची फारकत मुळात नव्हती. न्यायमूर्ती रानडे १८६२ मध्ये बीए झाले, १८६६ मध्ये एलएलबी, आणि अर्थशास्त्र व मराठ्यांचा इतिहास हे त्यांचे जन्मभराचे विषय राहिले. तेलंगांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. आज बारावीनंतर सीईटी देणारा कायद्याकडे जातो, बाकीच्यांचा आणि कायद्याचा संबंध तिथेच संपतो. पाच वर्षांच्या बीए एलएलबीत भावी वकिलाला समाजशास्त्र शिकवतात, हे उत्तमच. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला कायदा शिकवावा, हे मात्र आपल्याला अजून पुरते पटलेले नाही. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजात पदवीच्या पातळीवर कायद्याचा स्वतंत्र विभाग आहे. वकील घडवणे हा त्याचा हेतू नाही. तिथे कायदा वाचतात तो समाजाचा विचार म्हणून.

'आमच्या मुलांना कुठे वकिली करायची आहे?' असे प्राध्यापक मित्र म्हणतात. नसेल करायची. सही तर करावी लागते! महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतात. वाटणी मागितली तर माहेर तुटेल, पुढच्या भाऊबिजेला कुठे जायचे, हा धाक त्या कागदात कुठेच लिहिलेला नसतो. कागदावर लिहिलेले असते, 'राजीखुशीने'. बीएच्या वर्गातल्या कितीतरी मुलींसमोर उद्या हाच कागद येणार आहे. १९९४ चा तो छोटासा कायदा आणि एक कोरे हक्कसोडपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचायला कायद्याची पदवी लागत नाही. नीट वाचणारा शिक्षक लागतो.

निकाल इंग्रजीत असतात, ही अडचण खरी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद आता त्याच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि राज्याचे कायदे तर मराठीत आहेतच. नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला शाखेबाहेरचा विषय घेण्याची वाटही दिली आहे. त्या वाटेने कायदा वर्गात आणायचा की आणखी एक सोपा गुणदायी पेपर, हे महाविद्यालयांनी ठरवायचे आहे.

या विभागात चवदार तळ्याच्या दाव्याची हकीकत सविस्तर दिली असून तिच्याखाली वर्गात चर्चेला घेता येतील असे प्रश्न छापले आहेत. उत्तरे दिलेली नाहीत. ज्या प्राध्यापकांना ती पाने वापरायची असतील त्यांनी खुशाल छायाप्रती काढाव्यात, आमच्या परवानगीची वाट पाहू नये. मुलांनी काय उत्तरे लिहिली तेवढे मात्र आम्हाला अवश्य कळवावे. निवडक उत्तरे पुढच्या दिवाळी अंकात छापू.