जप्त अनामत

डिसेंबर १९३६ मध्ये ज्या फैजपुरात काँग्रेसने आपले पहिले ग्रामीण अधिवेशन भरविले, तेथे तरी पक्षाच्या पाठबळावाचून पुनःपुन्हा निवडणुकीस उभा राहणारा मनुष्य उपहासाचा विषय होऊ नये. पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर, वीज मंडळाचे माजी कर्मचारी, २० हून अधिक निवडणुका हरूनही २०१९ मध्ये लोकसभेसाठी उभे राहिले. आश्वासने अव्यवहार्य, पण चिकाटी निःसंशय. अशा उमेदवारास भरावी लागणारी विधानसभेची सर्वसाधारण अनामत १९५१ च्या कायद्यात २५० रुपये होती, आज ती १०,००० आहे, आणि वैध मतांच्या षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती सरकारजमा होते. ही अट धनिकास अडवीत नाही, फैजपूर परिसरात केळीच्या भावावर वर्ष काढणाऱ्या रयतेस मात्र कचेरीच्या पायरीवरूनच परतविते. त्यापेक्षा रक्कम उतरवून अपक्षाच्या १० सूचकांची संख्या वाढवावी.